मास्तर घरीच होते

बनारसच्या रामघाटावर इंग्रजी शिकवणारे तिघे होते. त्यांपैकी दोघांना इंग्रजी येत होतं. आम्ही तिसऱ्याकडे जात होतो.

त्याला कारण होतं. पहिल्या दोघांचे विद्यार्थी व्याकरण शिकून नापास होत. तिसरे काय शिकवत हे कुणालाच नीट सांगता येत नसे, पण त्यांच्याकडची माणसं खात्याच्या परीक्षेत पास होत. मी एका सरकारी कचेरीत दोन वर्षं तात्पुरता कारकून होतो. परीक्षा पास झालो तर कायम होणार होतो, नाही तर घरी. घरी आई होती आणि भाड्याच्या दोन खोल्या होत्या. तेव्हा मास्तरांना इंग्रजी कितपत येतं याची मी चौकशी केली नाही.

त्यांच्या वर्गात एकच क्रियापद होतं. वॉज, आणि माणसं एकाहून जास्त असतील तर वेअर. गल्लीतली पोरं त्यांना वॉजबुवा म्हणत. वर्ग सकाळी साडेसहाला, तळमजल्यावरच्या खोलीत. आम्ही सात-आठजण होतो, सगळे नोकरदार. माझ्याच कचेरीतले तिवारीजीही होते. शिकवणं असं की मास्तर एकेकाला उभं करून विचारत, "काल संध्याकाळी सहाला कुठे होतास?" वेळ नेहमी सहाचीच. मग आपण सांगायचं, आय वॉज ॲट होम. आय वॉज ऑन द रूफ. माय फादर वॉज इन बेड. सांगितलेलं वाक्य मास्तर एका लांबट, लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहून घेत. वर तारीख, मग नाव, मग वाक्य. पहिली ओळ रोज त्यांची स्वतःची असे, आम्हाला नमुना म्हणून. मास्तर वॉज इन द हाउस. मास्तर वॉज अपस्टेअर्स. ते वाक्य ते उभं राहून, कोटाची बटणं लावून वाचत.

इंग्रज मोठा का झाला, याबद्दल त्यांचं एक मत होतं. इंग्रज माणूस काल काय करत होता हे कधी सांगत नाही, फक्त कुठे होता एवढं सांगतो. ही वॉज आउट. ही वॉज इन टाउन. ही वॉज अप. दोन शब्द, आणि दार बंद. "आपल्याकडे बघा," ते म्हणत. "बाहेर होतो म्हटलं की विचारतात बाहेर म्हणजे कुठे, कुणाबरोबर, काय खाल्लंत, आणि आम्हाला का नाही बोलावलंत. असल्या देशावर राज्य करायला वेळ लागत नाही."

हे ज्ञान त्यांना एका फाटकाजवळ मिळालं होतं. तरुणपणी ते कुठल्याशा इंग्रज इंजिनिअरच्या बंगल्यावर नोकरीला होते. भेटायला येणाऱ्यांना साहेब कुठे आहे ते सांगणं आणि दर तासाला तो कुठे होता हे वहीत लिहिणं, एवढंच काम. साहेब ॲट द ब्रिज. साहेब इन द गार्डन. असं अकरा वर्षं. स्वातंत्र्य आलं, साहेब गेला, फाटकही गेलं. वहीची सवय राहिली. ती सवय म्हणजेच मास्तरांचं इंग्रजी, असं पहिले दोघे म्हणत. त्यात तथ्य होतं. पण खात्याच्या परीक्षेत तोंडी प्रश्न विचारणाऱ्यांना आमच्यासारखं छोटं, थंड, बिनचूक उत्तर ऐकण्याची सवय नव्हती. ते दबत असावेत.

नव्या माणसासाठी पितळी लोटा आणि एक सुपारी असे. सुपारी लोट्यात होती, लोट्यावर होती, लोट्यामागे होती, लोट्याखाली होती. प्रत्येक जागेला एक वाक्य. शेवटी मास्तर ती सुपारी तोंडात टाकत आणि विचारत, आता? कुणी म्हणे, इन युवर माउथ. मास्तर मान हलवत. सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात जाई आणि ते म्हणत, "अवे. लक्षात ठेवा. इथे नाही, एवढंच. कुठे आहे ते सांगायला आपण बांधील नाही." आणि उदाहरण देत: माय डॉटर वॉज अवे.

या वाक्याला वर्गात कुणी मान वर करत नसे. मास्तरांची मुलगी कुठे आहे हे सगळ्या रामघाटाला ठाऊक होतं. नदीपलीकडे रामनगरात शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी तिनं लग्न केलं होतं. तो आपल्यातला नव्हता, मराठी नव्हता, आणि त्यानं मास्तरांना विचारलंही नव्हतं. तिन्हींतलं कोणतं कारण जड पडलं ते मास्तरांनी सांगितलं नाही. चार घरची वडीलधारी माणसं बसलेली असताना त्यांनी एवढंच सांगितलं की यापुढे गंगेपलीकडे माझं पाऊल पडणार नाही. लोकांना हे फार आवडलं. दुसऱ्याच्या घरातला ताठपणा पाहायला बरा असतो.

मास्तरांचा खरा जाच वेगळा होता. खोटं वाक्य हे त्यांच्या लेखी चुकीचं वाक्य होतं, आणि चूक तपासणं हे शिक्षकाचं काम होतं. आमच्यातल्या एका पोस्टातल्या माणसानं सांगितलं, माय वाइफ वॉज ॲट द टेंपल. मास्तरांनी सहाच्या सुमारास तिला भाजीबाजारात पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्यांनी ते वाक्य सुधारून घेतलं. माय वाइफ वॉज इन द मार्केट, विथ हर सिस्टर. बहिणीशी त्या घराचं बोलणं बंद होतं, हे मास्तरांना कुठून ठाऊक असणार. तो माणूस दोन दिवस जेवायला खानावळीत जात होता. दुसऱ्या एकानं सासरे गच्चीवर होते म्हटलं, तर मास्तर त्याच्या घरी जाऊन, पंचेचाळीस पायऱ्या चढून, गच्चीवरून सहा वाजता काय दिसतं ते पाहून आले.

त्यानंतर आम्ही शहाणे झालो. कुणीही कुठेही जात नसे. वर्गातला प्रत्येक माणूस, त्याची बायको, आई, मेहुणे सहा वाजता घरी असत. फार तर कचेरीत. त्या लाल वहीत पाहिलं तर बनारसची मराठी वस्ती वर्षभर उंबरा ओलांडत नव्हती.

म्हणून त्या बुधवारी सकाळी मी सांगितलं, आय वॉज इन द ऑफिस.

आदल्या दिवशी सहा वाजता मी रामनगरात होतो. तिकडची रामलीला सुरू होती. ती पाहायला मी साडेचारलाच कचेरीतून निसटून नावेत बसलो होतो. हजेरीच्या वहीत पाच वाजता गेलो अशी सही दुपारी दोनलाच करून ठेवली होती. यात मी काही विशेष केलं नव्हतं. लीलेच्या महिन्यात साडेचारनंतर कचेरीत फक्त पंखे असत. पण तिवारीजी शेजारीच बसले होते, आणि रामनगर म्हटलं तर मास्तर तपासायला जायचे, असं मनात आलं. मग लगेच वाटलं, ते नदीपलीकडे जाणार नाहीत. तरीही कचेरीच बरी. मास्तरांनी माझ्याकडे चष्म्यावरून जरा जास्त वेळ पाहिलं आणि लिहून घेतलं.

त्याच दिवशी अकराला कचेरीतल्या लोखंडी कपाटात खात्याच्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेचं पाकीट उघडं सापडलं.

आठवड्यानं लखनौहून चौकशीसाठी साहेब आले. त्यांच्या खुर्चीसाठी वेगळा टॉवेल होता आणि पेनांसाठी वेगळं टेबल. प्रश्न इंग्रजीत होते, उत्तरंही इंग्रजीतच हवी होती. चहा मात्र हिंदीत मागवला जाई. बडेबाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनं, सांगितलं की मंगळवारी साडेचारला पाकीट बंद होतं. चपराशानं सातला कुलूप लावलं. तेव्हा जे झालं ते या अडीच तासांत. परीक्षेला बसणारे आम्ही चौघे होतो. चौघांनीही सांगितलं, पाचला निघालो आणि घरी गेलो. बडेबाबूंनीही तेच सांगितलं. ते लीलेत माझ्यापुढे तीन माणसं सोडून बसले होते.

साहेबांनी विचारलं, याला पुरावा काय. आणि तिवारीजी उठले. "सर," ते म्हणाले, "एव्हरी मॉर्निंग वी टेल व्हेअर वी वेअर. मास्टरजी राइट इट इन बुक."

साहेबांनी पेन बदललं. वही उद्या अकरा वाजता हजर करावी, मास्तरांसह.

बाहेर पडल्यावर तिवारीजींनी माझा हात धरला. त्यांचा स्वतःचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "भैया, गलती हो गई. साहब के सामने अंग्रेजी बोलने का मौका मिला, तो हम बह गए." मग हळूच विचारलं, "आप तो उस दिन घर पर ही थे न?"

मी घरी नव्हतो. साहेबांना मी घरी होतो म्हणून सांगितलं होतं. वहीत मी कचेरीत होतो. सहा वाजता, एकटा, त्या कपाटाच्या खोलीत, मास्तरांच्या वळणदार अक्षरात.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं ताट बाजूला ठेवलं. म्हणाली, "मास्तरांकडे जा. जे झालं ते सांग. रडू नकोस, त्यांना रडणं आवडत नाही."

मास्तर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. काकू, त्यांची पत्नी, दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "मास्तर, त्या बुधवारचं माझं वाक्य खोटं होतं."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले आणि कातरत राहिले.

ते कसं ठाऊक, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी नोकरीचं सांगितलं, आईचं सांगितलं. काकूच म्हणाल्या, "अहो, एक पान तर आहे. घाटावर नेताना वही पाण्यात पडली तर गंगा काही विचारायची नाही."

"पान फाटणार नाही."

"पोराचं वाटोळं होईल."

"वही उद्या जशी आहे तशी जाईल."

काकू दारातून आत आल्या. मग फार हळू म्हणाल्या, "आणि बाकीच्या पानांचं काय?"

अडकित्ता थांबला. मास्तरांनी मला जायला सांगितलं. मी गल्लीतून घरी येईपर्यंत मनात त्यांना जेवढ्या शिव्या देता येतील तेवढ्या दिल्या. खऱ्या वाक्याच्या हौसेपायी माणूस बुडवणारा मास्तर. ठाऊक होतं तर बुधवारीच का नाही सुधारून घेतलं? पोस्टातल्या माणसाच्या बायकोला सोडलं नाही, मग मला कशाला सोडलं?

दुसऱ्या दिवशी अकराला मास्तर कोट घालून, वही छातीशी धरून आले. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली नाही. पान काढलं, माझी ओळ मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडे वळले. काल तुम्ही म्हणालात घरी. इथे म्हणता कचेरीत. खरं काय?

मी सांगितलं, दोन्ही नाही. साडेचारला निघून रामनगरला गेलो होतो.

साहेब प्रथमच हसले. एका संध्याकाळी मी तीन ठिकाणी होतो. त्यांनी ते लिहून घेतलं आणि बडेबाबूंना माझी हजेरीची सही दाखवायला सांगितली. पाच वाजताची. चौथं ठिकाण. बडेबाबू वहीवरून वर पाहतच नव्हते. मी तळहात पँटला पुसतोय हे साहेबांना दिसत होतं.

"सर," मास्तर म्हणाले. "समासात पाहा."

माझ्या ओळीशेजारी तांबड्या शाईची बारीक फुली होती. तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, फॉल्स. ॲट फाइव्ह ही वॉज इन अ बोट.

साहेबांनी भिंग मागवलं. शाई नवी आहे का ते पाहिलं. मग विचारलं, हे तुम्ही केव्हा लिहिलं? त्याच दिवशी, मास्तर म्हणाले. तुम्हाला कोणी सांगितलं? कोणी नाही. मग तुम्हाला कसं कळलं?

मास्तरांनी बडेबाबूंकडे पाहिलं. खोलीत पंखा फिरत होता. बडेबाबू आता मात्र वर पाहत होते. ते रामघाटाचेच होते. गंगेपलीकडे पाऊल न टाकण्याची गोष्ट मास्तरांनी ज्या चार घरच्या माणसांत सांगितली, त्यांत ते होते.

साहेबांनी पुन्हा विचारलं. मास्तरांनी कोटाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

"आय वॉज इन द बोट," ते म्हणाले.

साहेबांनी बोट वहीवरून वर सरकवलं. त्या दिवशीची पहिली ओळ. मास्तर वॉज इन द हाउस, अपस्टेअर्स. त्यांनी ती सावकाश वाचली. मग पानं उलटून मागच्या बुधवारची पहिली ओळ वाचली. त्याच्या मागच्या बुधवारची वाचली. प्रत्येक बुधवारी तेच होतं: घरात, वरच्या मजल्यावर. आणि प्रत्येक ओळीशेजारी, समासात, तांबडी फुली.

"म्हणजे तुमची वहीच खोटी," साहेब म्हणाले. "तिच्यातली फुली खरी, हे मी कशावरून मानू?"

मला वाटलं, संपलं. मास्तरही बुडाले आणि मीही.

मास्तर आता इंग्रजी सोडून हिंदीत बोलू लागले. त्यांची हिंदी आम्ही कधी ऐकली नव्हती. बनारसी हिंदी, घाटावरची. म्हणाले, साहेब, माणूस खोटं लिहितो ते स्वतःच्या सोयीसाठी. ही फुली माझ्या सोयीची नाही. हे बडेबाबू इथे बसलेत. मी रामनगरला जातो हे आज दिवस मावळायच्या आत सगळ्या रामघाटाला कळेल. दर मंगळवारी जातो. डोक्यावर शाल घेऊन नावेच्या टोकाला बसतो. त्या दिवशी हा पोरगा मधल्या फळीवर बसून शेंगा खात होता. चौकात शिवणयंत्रांचं एक दुकान आहे. मी त्याच्या समोरच्या बाजूला उभा राहतो. दिवे लागले की परत येतो.

"दुकानात कोणी पाहिलं तुम्हाला?"

"मुलगी असते."

"ती बोलली तुमच्याशी?"

"मी आत जात नाही. ती बाहेर येत नाही."

साहेबांनी एक कोरा कागद पुढे ओढला. मग चपराशाला रामनगरला पाठवलं, एका कागदावर प्रश्न लिहून. प्रश्न अर्थातच इंग्रजीत होता. शिवणयंत्रवाल्याच्या बायकोला तो कसा वाचता येईल, असा विचार त्यांनी केला नाही. सरकारी प्रश्नाला तो विचार करावा लागत नाही.

ते दोन तास आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो होतो, मास्तर आणि मी. मी त्यांना म्हटलं, "मास्तर, तुम्ही बुधवारीच मला वर्गात सुधारलं असतंत तर." ते म्हणाले, "मग तू विचारलं असतंस, तुम्हाला कसं कळलं." आणि थोड्या वेळानं, समोर पाहत, "तुझं वाक्य खोटं होतं म्हणून माझं झाकलं गेलं. शिक्षकानं असं करू नये."

चपराशी परत आला. कागदाच्या खालच्या अर्ध्या भागावर उत्तर होतं. अक्षर मास्तरांचंच वाटावं इतकं सारखं. फाटकावरच्या वहीचं इंग्रजी, पुढच्या पिढीतलं. साहेबांनी ते वाचलं. बडेबाबूंनी वाचलं. मला नंतर नक्कल करताना पाहायला मिळालं.

माय फादर वॉज आउटसाइड. ही वॉज देअर फ्रॉम हाफ पास्ट फाइव्ह टिल द लॅम्प्स. ही वॉज आउटसाइड एव्हरी ट्यूसडे. वी वेअर इनसाइड.

साहेबांनी तो कागद मास्तरांच्या हातात दिला नाही, कारण तो पुरावा होता. वाचून दाखवला. मास्तर उभे होते. त्यांनी एकच शब्द पुन्हा वाचायला सांगितला. वी. साहेबांना वाटलं त्यांना व्याकरणाची शंका आहे. बडेबाबूंनी मास्तरांच्या कानाशी वाकून हळूच मराठीत सांगितलं की तिला मुलगा झालाय, दोन वर्षांचा आहे, लीलेला जाताना पाहिलाय. बडेबाबूंच्या तोंडून लीलेचं नाव निघालं, ते साहेबांना कळलं नाही. साहेबांना मराठी येत नव्हती, हे आमचं भाग्य.

पाकीट कुणी उघडलं हे शेवटपर्यंत निघालं नाही. पावसाच्या दमटपणामुळे डिंक सुटला असावा, असा अहवाल गेल्याचं ऐकलं. वेळेआधी कचेरी सोडल्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. तिच्यावर बडेबाबूंची सही होती. परीक्षा पुढे ढकलली गेली, झाली, आणि मी कायम झालो. तोंडी परीक्षेत विचारलं होतं की काल तुम्ही कुठे होतात. तिवारीजीही पास झाले. ते अजून भेटले की माफी मागतात, इंग्रजीत.

रामघाटाला अर्थातच त्याच संध्याकाळी कळलं. आठवडाभर लोक मास्तरांच्या दारावरून जरा सावकाश चालत. काकू दारात उभ्या राहत आणि कुणी विचारलं तर सांगत, वर आहेत.

पुढच्या बुधवारी आम्ही सगळे सव्वासहालाच जाऊन बसलो होतो. एकही जण गैरहजर नव्हता. मास्तर आले. कोटाची बटणं लावली, वही उघडली, आणि पहिली ओळ लिहायला इतका वेळ घेतला की तिवारीजी खोकले. मग ते उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात त्यांनी वाचलं.

"मास्तर वॉज इनसाइड."

मास्तरांनी लोटा पुढे ओढला, कारण त्या दिवशी एक नवा माणूस आला होता, आणि सुपारी लोट्यात टाकली.

ते वाक्य खरं होतं की नाही, हे तपासायला आमच्यातलं कुणीही गेलं नाही.